भाडेपावतीवरचा समाजवाद आणि स्वातंत्र्याचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घटनेच्या प्रास्ताविकेतील ‘समाजवादी’ हा शब्द कायम ठेवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. समाजवाद की भांडवलशाही, आणि त्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य कुठे बसते, या जुन्या वादाला त्यानंतर पुन्हा उकळी फुटली. वाचकांची पत्रे त्यावर सतत येत असतात. एका बाजूचे लोक सोव्हिएत रशियातल्या रांगांकडे बोट दाखवतात, दुसऱ्या बाजूचे अमेरिकेतल्या बेघरांकडे. मात्र या वादाचा सर्वांत लांबलेला प्रयोग आपल्याच दक्षिण मुंबईत आणि लालबाग-परळ-दादरच्या चाळींत जवळजवळ आठ दशके चालू आहे. तो म्हणजे भाडे नियंत्रण. त्याचा हिशेब नीट मांडला तर दोन्ही बाजूंना आपली मते तपासून घ्यावी लागतील.

सुरुवात चुकीची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत कामगारांचा लोंढा आला, सिमेंट-लोखंड युद्धाकडे वळले, नवे बांधकाम थांबले आणि पाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस आणि चाळीस खोल्यांचा मालक यांच्यात जो ‘मुक्त करार’ होतो, त्यात मोकळीक फक्त एकालाच असते. म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच ‘प्रमाण भाडे’ ठरले आणि भाडे नियमित भरणाऱ्याला मालकाने काढू नये, असा नियम झाला. टंचाईच्या काळात हा निर्णय न्याय्यच होता. कायदाही तात्पुरता म्हणूनच केलेला होता. पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि १९४० चे भाडे १९९० च्या दशकातही तेच राहिले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले की, एके काळी वाजवी असलेली ही तरतूद काळ लोटल्यामुळे अवाजवी झाली आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरसाल ४ टक्के वाढीची मुभा आहे.

४ टक्क्यांचा अर्थ काय होतो ते पाहू. २००० साली ५० रुपये असलेले भाडे चक्रवाढीने धरले तरी २५ वर्षांनी १३३ रुपये होते. प्रत्येकी १८० चौरस फुटांच्या चाळीस खोल्या असलेली एक चाळ धरा. वर्षाचे भाडे जमते ६३,८४० रुपये. कुजलेल्या तुळया बदलायच्या, जिना आणि मागची संडासांची रांग नव्याने बांधायची, तर चौरस फुटाला नुसते हजार रुपये धरले तरी खर्च ७२ लाखांचा. म्हणजे ११२ वर्षांहून अधिक काळाचे भाडे. यात मालमत्ता कर आणि जिन्यातला दिवा धरलेलाच नाही.

अशी इमारत कशी मरते हे जवळून पाहिल्याशिवाय या वादाचे गांभीर्य कळत नाही. जुन्या चाळींचा सांगाडा बहुधा सागवानी तुळयांचा किंवा लोखंडी गर्डरचा असतो आणि मधे विटांच्या भिंती असतात. तुळईचे मधले अंग शंभर वर्षे टिकते. कुजते ते भिंतीत रुतलेले टोक. मागच्या बाजूच्या सामायिक संडास-मोऱ्यांचे पाणी भिंतीत मुरते, टोकाला वारा लागत नाही आणि लाकूड आतून भुसा होते. बाहेरून रंग लावलेली तुळई ठणठणीत दिसते. लोखंडी गर्डरचेही तसेच. गंज चढला की लोखंड फुगते आणि वरची लादी उचलते. लोक मग जुन्या लादीवर नवी लादी बसवतात, पोटमाळा टाकतात, मोठी टाकी ठेवतात. ओझे वाढते आणि टोक आणखी दबते. शेवटी खाली टेकू लागतात. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षे तिथेच राहतात. दुरुस्ती व्हायला हवी ती पाणी मुरायला लागते तेव्हा, म्हणजे जेव्हा ती काही हजारांत होऊ शकते. नेमकी तेव्हाच ती कोणाला परवडत नाही किंवा कोणाच्या फायद्याची नसते.

कायद्यात मार्ग आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मालकाने दुरुस्ती केली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. १३३ रुपये भाड्यावर ही रक्कम वर्षाला ३९९ रुपये होते. एवढ्यात प्लंबरची मजुरीही निघत नाही. हक्क कागदावर पूर्ण आहे आणि वापरायला गेले तर हाती काही येत नाही. ‘भाडेकरूला कायद्याने संरक्षण आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा, १९६९ साली, दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि शहर भागातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. उपकरातून येणारा पैसा अपुरा, म्हणून दुरुस्तीही तुटपुंजी होत राहिली. १९८६ मध्ये म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातले गेले. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार इमारत संपादन करील आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देईल, अशी ही तरतूद. आपल्या चाळीस खोल्यांच्या चाळीचे भाडे सरासरी शंभर रुपये धरले तर जमिनीसह सगळ्याचे चार लाख. आधी कायद्याने भाडे गोठवायचे आणि मग त्याच गोठलेल्या भाड्यावर किंमत ठरवायची, हा न्याय कोणत्याही तत्त्वज्ञानात बसत नाही. मालक न्यायालयात गेले. ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या अनुच्छेद ३९(ब) मधल्या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येते का, हा प्रश्न पाच, मग सात, मग नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. उत्तर मिळाले ५ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुमारे तीन दशकांनी. बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात येत नाही. साधनसंपत्तीचे स्वरूप काय, ती किती दुर्मीळ आहे, समाजहितावर तिचा परिणाम काय होतो, मूठभरांच्या हाती ती एकवटल्याने काय होते, हे प्रत्येक बाबतीत पाहावे लागेल. घटनाकारांनी देशाला एकाच आर्थिक विचारसरणीला जखडून ठेवले नव्हते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. मला हा निकाल योग्य वाटतो. आता आणखी एक जुना कालखंड आठवा. भाडे कायद्याच्या १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागा ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना (केवळ परवानगीने जागा वापरणाऱ्यांना) भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी ज्यांच्याकडे जागा होती ते तरले. पण पुढच्या पिढीच्या मालकांनी घेतलेला धडा सरळ होता: जागा दिली की गेली. घरे कुलूपबंद राहू लागली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. त्यातली बरीच गुंतवणुकीची आहेत, सगळ्यांचा दोष या भीतीला देता येणार नाही. पण आजही १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीकृत आणि मुदत संपली की जागा परत मिळण्याचे कलम २४ चे संरक्षण असलेला करार समोर असताना, अकरा महिन्यांच्या पुढे करार करायला मालक बिचकतात. त्या भीतीची मुळे तिथे आहेत.

मालकाच्या बाजूने इतके लिहिल्यावर काही वाचक मला मालकधार्जिणा समजतील. पण या कायद्याने ज्याला संरक्षण दिले त्या भाडेकरूच्या स्वातंत्र्याचे काय झाले, ते फारसे कोणी पाहत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये जागा खाली करून मागण्याची जी कारणे आहेत, त्यांत एक असे: दाव्याच्या आधी सलग सहा महिने पुरेशा कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर मालक ती परत मागू शकतो. याचा अर्थ गिरगावातल्या मुलाला पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी लागली तर खोलीत कोणीतरी राहिलेच पाहिजे. म्हातारी आई एकटी तिसऱ्या मजल्यावर, मुलगा-सून परगावी. पोटभाडेकरू ठेवला तर तेही बेदखलीचे कारण. खोली सोडायची म्हटले तर पागडी, म्हणजे भाडेहक्क दुसऱ्याला देताना घेतली जाणारी एकरकमी किंमत. ती पूर्वी गुन्हा होती, १९९९ च्या कायद्याने वैध झाली. पण हस्तांतरासाठी मालकाची संमती लागते आणि तो सर्वसाधारणपणे किमतीचा तिसरा हिस्सा घेतो, कधी त्याहून अधिक. भाडेपावती कोणाच्या नावे फाडायची यावरून सख्ख्या भावाबहिणींत लघुवाद न्यायालयात दावे चालतात, कारण मृत भाडेकरूसोबत कोण राहत होते यावर वारसा ठरतो. घर वाचवण्यासाठी माणसाने आयुष्याची दिशा बदलायची, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. आणि ज्याचा या भांडणात काहीच हिस्सा नाही, तो नवा माणूस, १९९० नंतर मुंबईत आलेली नर्स किंवा रिक्षाचालक, त्याच्यासाठी या कायद्यात एकही ओळ नाही. तो झोपडपट्टीत किंवा कसारा-विरारच्या लोकलमध्ये.

म्हणून समाजवादी मित्रांना माझा प्रश्न असा. गरजूला घर मिळाले पाहिजे ही समाजाची जबाबदारी आहे ना? मग तिचा खर्च समाजाने उचलायला हवा होता. १९४७ नंतर तो खर्च एका विशिष्ट तारखेला मुंबईत इमारत असलेल्या लोकांवर टाकला गेला. त्यात श्रीमंत ट्रस्ट होते, तशा एका खोलीचे भाडे खाऊन जगणाऱ्या विधवाही होत्या. भाडेकरूंत गिरणी कामगार होते, तसे मलबार हिलवरच्या आलिशान फ्लॅटमधले व्यापारीही होते. सरकारी तिजोरीतून रुपया गेला नाही, म्हणून कोणत्याही अर्थमंत्र्याला हे धोरण महाग वाटले नाही. किंमत इमारतींनी मोजली.

व्हिएन्ना शहराचे उदाहरण इथे फार महत्त्वाचे आहे, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. भाडे गोठवणारा कायदा तिथेही पहिल्या महायुद्धात आला. पण १९२३ पासून तिथल्या समाजवादी नगरपालिकेने घरबांधणीसाठी वेगळा कर लावला. तो महागड्या घरांवर चढत्या दराने होता. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली. कार्ल-मार्क्स-होफ या एकाच संकुलात १,३८२ घरे आहेत आणि आजही लोक त्यात राहतात. खर्च सामायिक, मालकी सार्वजनिक, देखभालीची जबाबदारी ठरलेली. त्याच शहरातल्या गोठलेल्या भाड्यांवर टीका करताना मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिश हायेक यांनी दाखवून दिले की, स्वस्त जागेला चिकटलेला कामगार चांगल्या कामासाठी दुसरीकडे जाऊ शकत नाही. कलम १६ ची वरची तरतूद वाचली की हायेक यांचे म्हणणे मुंबईला जसेच्या तसे लागू पडते. मला दोघांचेही पटते: नगरपालिकेने घरे बांधली ते बरोबर, आणि गोठवलेले भाडे माणसाला खुंटीला बांधते हेही बरोबर. मुंबईने यातला चुकीचा अर्धा भाग घेतला.

सरकार घरमालक झाले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या २०७ बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या होत्या. १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आणि सामायिक संडासांत तीन पिढ्या गेल्या. भाडे नाममात्र आणि देखभालीसाठी वेगळा निधी नाही, हे सूत्र तिथेही तेच होते.

आता भांडवलशाहीच्या समर्थकांकडे वळतो. त्यांचे उत्तर आहे पुनर्विकास. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारत पाडली की ३ चटई क्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम) किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक प्रोत्साहन क्षेत्र, यांतले जे जास्त असेल ते मिळते. रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर फुकट, मालकाला वाटा, उरलेले विकासक विकतो. वाचायला सगळ्यांचे भले. पण याला मुक्त बाजार म्हणायचे तर ग्राहकाला निवड हवी. एका चाळीतल्या रहिवाशाला निवड असते ती संमतीसाठी लागणाऱ्या ५१ टक्क्यांच्या बाजूने किंवा विरोधात असण्याची. एकदा संमती दिली, खोली रिकामी केली, इमारत पाडली की त्याच्या हातात एक करारपत्र उरते. काम रखडले की विकासक पर्यायी जागेचे भाडे थांबवतो. विक्रीच्या फ्लॅटचा ग्राहक महारेरा या बांधकाम क्षेत्राच्या नियामकाकडे जाऊ शकतो, पुनर्वसनाच्या रहिवाशाला ते दार सहसा उघडत नाही. तो उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढतो किंवा डोंबिवलीत स्थायिक होतो. आणि हे सगळे जिथे विक्रीचा भाव चढा आहे तिथेच घडते. अरुंद गल्लीतली, चारी बाजूंनी चिकटलेली, छोट्या भूखंडावरची चाळ कोणत्याच विकासकाला नको असते. तिचे रहिवासी टेकूंखालीच राहतात. इथेही सरकारने तिजोरीतून पैसा काढला नाही, फक्त हवेत मजले वाढवून दिले. पाणी, सांडपाणी, रस्ता मात्र तेवढेच राहिले.

डॉ. आंबेडकरांचे या प्रश्नावरचे विचार दोन्ही बाजू आपापल्या सोयीने उद्धृत करतात. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीचे सदस्य के. टी. शहा यांनी राज्यघटनेत ‘समाजवादी’ शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, ती आंबेडकरांनी नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण १९४७ मध्ये घटना समितीसाठी त्यांनी केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेतजमीन सरकारी मालकीची करण्याची मागणी होती. त्या मागणीतला एक तपशील नेहमी सुटतो: जमीन घेताना मूळ हक्कदाराला त्याच्या हक्काच्या किमतीचे कर्जरोखे द्यायचे होते. सामाजिक बदलाचा भार सार्वजनिक कर्जावर, एकट्यादुकट्याच्या खिशावर नाही. शंभर महिन्यांच्या भाड्यात इमारत घेणाऱ्या तरतुदीशी हे ताडून पाहा.

काय करता येईल, याबद्दल माझ्या सूचना अशा. राहत्या जागेचे भाडे तीन भागांत फोडावे: प्रत्यक्ष कर व पाणी-वीज, दुरुस्ती निधी, आणि मालकाचा परतावा. पहिले दोन भाग लगेच प्रत्यक्ष खर्चावर आणावेत, तिसरा सात-आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापेक्षा, समजा सहाव्या भागापेक्षा, जास्त भाडे झाले तर वरची रक्कम राज्याने भरावी. त्यासाठी प्रोत्साहन चटई क्षेत्राच्या अधिमूल्याचा (प्रीमियमचा) एक वाटा कायद्याने राखून ठेवावा. ही रक्कम भाडेकरूच्या हाती रोख दिली तर दुसरीकडे खर्च होईल, मालकाला बिनशर्त दिली तर दुरुस्ती होणार नाही. म्हणून इमारतीच्या नावे बँक खाते हवे, त्यावर मालक आणि रहिवाशांचा प्रतिनिधी दोघांच्या सह्या हव्यात. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्याने आधीच बंधनकारक आहे. तो अहवाल आल्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये. तपासनीस दुरुस्तीच्या ठेकेदाराचा माणूस नसावा, नाहीतर सगळ्याच इमारती एकतर ‘धोकादायक’ किंवा सगळ्याच ‘ठीक’ निघतील.

दुकानगाळे आणि कार्यालये यांची वाट वेगळी करावी. एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या आणि बँका १९९९ च्या कायद्यानेच संरक्षणाबाहेर आहेत. लहान दुकानांना मुदत द्यावी, पण घरांचा कायदा त्यांच्यासाठी अडवून ठेवू नये. दिल्लीत १९९५ चा भाडे कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, आणि व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो कधीच लागू झाला नाही. दोन्ही प्रश्न एका विधेयकात बांधले की काय होते याचा तो धडा आहे.

कलम १६ मधली सहा महिन्यांची अट घरांसाठी किमान दोन वर्षे करावी, आणि शिक्षण, नोकरी, आजारपण ही कारणे स्पष्ट लिहावीत. वारसाहक्क हयात जोडीदार आणि एका पिढीपुरता ठेवावा. ज्याला खोली सोडायची आहे त्याने ती दुरुस्ती मंडळाला परत करावी आणि रेडी रेकनरशी (सरकारी मूल्यदर तक्त्याशी) जोडलेला मोबदला घ्यावा, मालकालाही त्यातला वाटा मिळावा. अशा परत आलेल्या खोल्या मंडळाने पाच-पाच वर्षांच्या करारावर, वाढीव पण परवडणाऱ्या भाड्याने, शहरात नव्याने आलेल्या कामगारांना द्याव्यात. पुनर्वसनातल्या रहिवाशाला महारेराच्या कक्षेत आणणारी कायद्याची दुरुस्ती एका अधिवेशनात होऊ शकते. त्यासाठी तिजोरीवर एक पैशाचाही बोजा पडत नाही.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई